जुन्या बोटीचे लाकूड झाकू नका, उजळून घ्या

उचगावच्या कापड व्यापाऱ्याने बोटीच्या लाकूडकामावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या उचगाव-गांधीनगर भागातल्या घाऊक पेठेतला माल आंबा घाटाने रत्नागिरीला आणि गगनबावड्यावरून सिंधुदुर्गात उतरतो. तिकडच्या दुकानदारांशी आमची उधारीची खाती आहेत, काहींशी सोयरीकही आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्यापैकी काहींनी, तसेच मासेमारीतल्या काही नौकामालकांनी, पर्यटकांना खाडीत फिरवण्याच्या धंद्यात पैसा घातला आहे. नवी बोट परवडत नाही, म्हणून केबिन असलेली वापरलेली बोट घ्यायची, यंत्र दुरुस्त करायचे, आतून बाहेरून सजवायची आणि हंगामाला पाण्यात सोडायची, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहारात यंत्राची चौकशी सगळे करतात. सांगाडा ठोकून पाहतात. पण केबिनच्या आतल्या लाकडाचा विषय निघाला की एकच सल्ला मिळतो : सनमायका मारून टाका, नाहीतर गडद पॉलिशचे दोन हात द्या, म्हणजे नव्यासारखी दिसेल. माझे स्पष्ट मत असे आहे की हा सल्ला हिशेबाने तोट्याचा, सुरक्षिततेच्या दृष्टीने घातक आणि सौद्याच्या इमानाला बाधक आहे. वापरलेल्या बोटीच्या आतले फिक्या रंगाचे लाकूड साफ करून, डाग काढून, त्यावर पातळ पारदर्शक रोगण द्यावे. लाकूड दिसत राहिले पाहिजे. याची कारणे आणि रीत व्यापारी बंधूंसमोर ठेवतो.

गडद रंगाखाली काय दडते

आमच्या धंद्यातला एक रिवाज सर्वांना ठाऊक आहे. थानावर तेलाचा डाग पडला, विणताना धागा तुटला, धुलाईत कापड एकसारखे उजळले नाही, तर ते थान पांढऱ्यात किंवा फिक्या रंगात विकत नाहीत. ते काळ्या, तपकिरी किंवा गडद निळ्या रंगात टाकतात, म्हणजे ऐब दिसत नाही. यात फसवणूक असतेच असे नाही. ऐबदार माल कमी भावात, सांगून विकला तर तो सरळ व्यवहार आहे. पण न सांगता विकला तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. म्हणूनच अनुभवी व्यापारी गडद थान उजेडासमोर धरून पाहतो आणि फिक्या थानावर एका नजरेत विश्वास ठेवतो.

बोटीचेही तसेच आहे. फिक्या लाकडावर ओल आली की कड काळवंडते, खिळ्याभोवती काळे वर्तुळ उठते, बुरशीचे ठिपके येतात, जुने रोगण पांढुरके होऊन सुटू लागते. हे सगळे इशारे आहेत. मालकाला ते वेळीच दिसले तर पाच-पन्नास रुपयांच्या लांबीने किंवा एका रबरी पट्टीने काम भागते. तेच लाकूड सनमायकाच्या आड गेले की दोन-तीन पावसाळे काहीच दिसत नाही, आणि मग एके दिवशी पत्रा फुगतो. उचकून पाहावे तर मागचे प्लायवूड बोटाने निघते.

आमच्या नात्यातल्या एका तरुणाने अशी एक बोट घेतली. आतून चकचकीत होती, नवा सनमायका, नवे पडदे. विकणाऱ्याने ‘आत्ताच सगळे काम केले आहे’ असे सांगितले. पहिला पावसाळा सरल्यावर खिडकीखालचा पत्रा सुटला आणि मागे वीतभर रुंद कुजलेली पट्टी निघाली. म्हणजे खिडकीतून पाणी गळत होते हे माहीत असूनच वर पत्रा ठोकला होता. विकणाऱ्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. असे करणारा तो एकटा नव्हे. सुतार, प्लायवूड आणि बुडालेला हंगाम धरून त्या मुलाला बोट जेवढ्या सवलतीत मिळाली होती, त्याहून जास्त खर्च आला.

खारे पाणी नव्हे, गोडे पाणी

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोट समुद्रात चालते म्हणून खारे पाणी लाकूड कुजवते, असे घाटावरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात केबिनच्या लाकडाचा मोठा वैरी म्हणजे पावसाचे गोडे पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मिठाचे पाणी मानवत नाही. तिला गोडी ओल, कोंडलेली हवा आणि ऊब लागते. छपराच्या सांध्यातून, खिडकीच्या चौकटीतून, कठड्याच्या बोल्टाजवळून पावसाचे पाणी ठिपकते आणि आतल्या फळीच्या मागे बसून राहते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली ठेवली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. कोकणच्या पावसाळ्यात हे सोपे नाही, म्हणून केबिनमध्ये हवा खेळती ठेवणे हे पॉलिशपेक्षा आधीचे काम आहे. कपाटांच्या दारांना भोके किंवा जाळी हवी, बैठकांच्या फळ्या पावसाळ्यात उचलून ठेवल्या पाहिजेत.

मिठाचा उपद्रव वेगळ्या तऱ्हेचा आहे. मीठ हवेतले पाणी ओढते. लाकडावर मिठाचा थर राहिला आणि त्यावर रोगण दिले, तर ते रोगण धरत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सर्व लाकूड गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसून, चांगले वाळवून घ्यावे.

लाकूड कोणते, हे आधी ओळखा

कोकणातल्या जुन्या लाकडी बोटींत सागवान, ऐन, फणस अशी लाकडे सापडतात. मुंबई किंवा गोव्याकडून फिरत आलेल्या फायबरच्या केबिन बोटींत आतले काम बहुतेक प्लायवूडचे असते, त्यावर फिक्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवलेला असतो. हलक्या किमतीच्या कामात केरळकडचे रबरवूडही दिसते. ते दिसायला गोरे असले तरी त्याला बुरशी आणि कीड लवकर लागते.

हा फरक ओळखला नाही तर नुकसान होते. भरीव सागवान दोन वेळा घासले तरी काही बिघडत नाही. व्हिनियरचा पापुद्रा मात्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतो. त्यावर घासण्याचे यंत्र चालवले की काही क्षणांत तो फाटून खालचे प्लायवूड उघडे पडते आणि तो डाग कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. व्हिनियरवर हातानेच, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, बारीक काचपेपर चालवावा.

प्लायवूड बदलण्याची वेळ आली तर भारतीय मानक आय. एस. ७१० चे मरीन प्लायवूडच मागावे. त्याच्या कसोटीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. आय. एस. ३०३ चे प्लाय घरातल्या कपाटाला ठीक, बोटीला नव्हे. फळीवरचा शिक्का आपल्या डोळ्यांनी पाहावा आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

जुने रोगण कोणते आहे, याचीही साधी पारख आहे. कोपऱ्यात दडलेल्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा थोडा वेळ धरावा. थर चिकट झाला तर ते लाखेचे फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटने काही होत नाही, पण लॅकर थिनरने थर विरघळतो, तर ते लॅकर आहे. दोन्हींनी ढिम्म हालत नसेल तर तेलाचे व्हार्निश, पॉलियुरेथेन किंवा मेलामाईन समजावे. पाच मिनिटांची ही परीक्षा केली तर पुढे कोणता माल चालेल हे कळते आणि दुकानदार सांगेल ते डबे घेऊन येण्याची पाळी येत नाही.

काळा डाग आणि हरड्याची गोष्ट

फिक्या लाकडावर खिळ्याभोवती, कडी-कोयंड्याखाली काळेभोर डाग पडतात. पुष्कळ लोक त्याला कुजलेपणा समजून फळी बदलतात किंवा त्या डागासाठी सगळी केबिन गडद रंगवतात. कापडवाल्याला हा डाग ओळखीचा आहे. आपल्या सह्याद्रीत, राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात हरडा होतो. हरड्यात टॅनिन असते. जुने रंगारी कापड हरड्याच्या पाण्यात बुडवून, त्यावर गुळाच्या पाण्यात कुजवलेल्या लोखंडाचे पाणी लावून पक्का काळा रंग काढत असत. राजस्थानच्या बगरूत आणि कच्छच्या अजरखमध्ये आजही काळा रंग याच हिकमतीने निघतो.

बोटीच्या फळीत नेमके हेच घडते. लाकडात टॅनिन कमी-जास्त असतेच, खिळ्याचे लोखंड गंजते, ओल दोघांची भेट घडवते आणि काळा रंग तयार होतो. म्हणजे प्रत्येक काळा डाग कुजका नसतो. सुरीचे टोक टेकवून पाहावे. लाकूड टणक लागले तर तो रंग आहे, टोक सहज आत गेले तर कूज आहे.

रंग असेल तर त्याचा उताराही कापडवाल्याकडेच आहे. कपड्यावरचा गंजाचा डाग ज्याने काढतात, तेच ऑक्झॅलिक ॲसिड येथे उपयोगी पडते. जुना थर काढल्यावर एक लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम ॲसिड प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवून ब्रशने लावावे. डागापुरतेच नव्हे तर पूर्ण फळीला लावावे, नाहीतर जागोजागी ठिगळे दिसतात. पंधरा-वीस मिनिटांनी गोड्या पाण्याने वारंवार पुसावे आणि दोन-तीन दिवस वाळू द्यावे. हे विष आहे. हातमोजे, चष्मा हवाच. पुसून न काढलेल्या ॲसिडवर काचपेपर चालवला तर त्याची धूळ नाका-घशात जाते, म्हणून नीट धुतल्याशिवाय घासू नये. आणि मूळ लोखंडी खिळा तसाच ठेवला तर डाग पुन्हा येणार. तो काढून पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घालावा.

याच कारणाने बोटीच्या लाकडाला लोखंडी तारेची घासणी कधी लावू नये. तिचे बारीक कण लाकडाच्या छिद्रांत अडकतात आणि पहिल्याच दमट हवेत फळीवर काळे-तांबडे ठिपके उमटतात.

बुरशीच्या ठिपक्यांसाठी आधी सिरका लावून पाहावा, तेवढ्याने गेले नाही तर ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी. पण सिरका असो, ऑक्झॅलिक असो की दुसरे कोणतेही ॲसिड, ते आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नये. एकावर दुसरे लावण्यापूर्वी लाकूड पूर्ण धुऊन वाळलेले असावे. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. रंगाईच्या कारखान्यात हा धडा पहिल्या दिवशी देतात. चार बाय सहा फुटांच्या बंद केबिनमध्ये तो वायू माणसाला लोळवू शकतो.

उर्दूतले रोगन, मराठीतले रोगण

आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा रोगन म्हणजे तेल, तूप, चिकणाई असा अर्थ होता. मराठीत तोच शब्द रोगण होऊन लाकडावरच्या व्हार्निशसाठी बसला. यात गैर काही नाही, कारण दोन्हींचा धागा एकच आहे. कच्छमधील निरोणा गावचे खत्री कारागीर एरंडेल तेल आटवून त्याचा घट्ट लगदा करतात आणि त्यात रंग घालून कापडावर नक्षी काढतात. तिला रोगन कलाच म्हणतात. तेल तापून, हवा लागून घट्ट होते, हेच जुन्या व्हार्निशचेही तत्त्व. जवसाचे तेल, राळ आणि टर्पेंटाईन हा त्याचा मूळ मसाला.

आता बाजारात काय मिळते आणि बोटीच्या फिक्या लाकडाला काय मानवते, ते पाहू.

चपडा लाखेचे फ्रेंच पॉलिश सुंदर दिसते. लाखेच्या बाबतीत आपला देश जगात पुढे आहे. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेची संशोधन संस्था निघाली. मिरजेच्या सतारीवर हेच पॉलिश हाताने चढवतात. पण लाखेला पाणी सोसत नाही. त्यावर ओला पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उठते. म्हणून बोटीत लाख एकटी वापरू नये. मेण काढलेल्या फिक्या लाखेचा एक पातळ हात अस्तर म्हणून मात्र चालतो, आणि त्यावर पाणी सोसणारे रोगण द्यावे.

मेलामाईन पॉलिश घरच्या फर्निचरला फार चालते. थर कठीण व चकचकीत असतो. पण बोट पाण्यावर सतत हलते, सांधे कुरकुरतात आणि कठीण थराला तेथे तडे जातात. एकदा तडा गेला की तेवढीच जागा दुरुस्त करणे अवघड, सगळी फळी पुन्हा करावी लागते.

तेलाचे मरीन व्हार्निश लवचीक असते, उन्हालाही बरे टिकते. त्याचा एक दोष म्हणजे ते स्वतः पिवळसर असते आणि काळानुसार अधिक पिवळे होते. सागवानावर ते शोभते, पण अगदी गोऱ्या लाकडाचा गोरेपणा त्याने जातो. तेथे पाण्यात मिसळणारे पारदर्शक पॉलियुरेथेन घ्यावे. त्याने रंग कमी बदलतो आणि केबिनमध्ये वासही कमी राहतो.

कोणतेही रोगण घ्या, पहिला हात पातळ करून द्यावा म्हणजे तो लाकडात मुरतो. वाळल्यावर ३२० नंबरच्या पेपरने हलके घासून दुसरा आणि तिसरा हात. केबिनच्या आत तीन हात पुरेत. जाड थराचा मोह नको. फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र एक-दोन हात जास्त द्यावेत, कारण लाकूड बाजूपेक्षा टोकाने कितीतरी जास्त पाणी पिते. जी फळी सोडवता येते तिची मागची बाजूही रंगवावी. दिसत नाही म्हणून मागे काहीच लावत नाहीत आणि ओल तेथूनच शिरते.

खडूची पूड आणि पिवडी कालवून छिद्रे भरण्याची आपल्याकडची लांबी बोटीत टाळावी. दमट हवेत ती फुगून वरचा थर उचलते.

हिशेब काय सांगतो

समजा, केबिनच्या आत २० चौरस मीटर लाकूड आहे. एक लिटर रोगण एका हाताला साधारण १० चौरस मीटर जाते. तीन हातांना सहा लिटर लागले. वाळल्यावर बोटीवर वाढणारे वजन तीन-चार किलोंच्या आसपास. तेवढ्याच जागेला १ मिलिमीटर जाडीचा सनमायका लावला तर चौरस मीटरला जवळजवळ दीड किलो धरून ३० किलो भरतात, गोंदाचे वजन वेगळे. लहान बोटीत हे वजन पाण्याच्या रेषेच्या वर चढते, ही गोष्ट नावाड्याला समजावून सांगायला नको.

पॉलिशमध्ये मजुरी जास्त लागते, हे मान्य. खरवडणे, घासणे, वाळू देणे यात दिवस जातात. पण तो पैसा कोणाच्या हाती जातो, हेही पाहावे. पत्र्याचा पैसा बहुतांशी कारखान्याला, पॉलिशचा पैसा बहुतांशी कारागिराला. आपल्या भागात या हुनराची माणसे आहेत. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले आणि २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. फिक्या लाकडावर पातळ हात कसा द्यावा, रेषा कशी राखावी, हे या लोकांच्या हातात आहे. कोल्हापूरच्या टिंबर मार्केटच्या आसपासही पॉलिशवाले भेटतात. सनमायकाच्या लाटेत त्यांची कामे कमी झाली आणि मुले दुसऱ्या धंद्याला लागली. किनाऱ्यावर बोटींचे काम वाढत असेल तर वर्षातून काही महिने त्यांना तेथे रोजगार मिळू शकतो. कोकणातला नौकामालक आणि घाटावरचा कारागीर यांची गाठ घालून देणे, हे काम आम्हा व्यापाऱ्यांना सहज जमण्यासारखे आहे. माल घेऊन गाड्या तर रोज उतरतातच.

दुरुस्तीचा हिशेबही ध्यानात घ्यावा. पातळ रोगण खराब झाले तर तेवढी जागा घासून एक हात देता येतो. पत्रा खराब झाला तर पूर्ण काढावा लागतो आणि काढताना प्लायवूडचा वरचा थर सोबत येतो.

काम कोणत्या महिन्यात

येथे मोठी चूक होते. राज्यात १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारीबंदी असते, पर्यटनाच्या बोटीही पावसात ओढून ठेवतात. बोट रिकामी आहे तर पॉलिश करून घेऊ, असा विचार होतो. पण हवेत पाणी भरलेले असताना दिलेले पॉलिश पांढरे पडते, वाळत नाही, आणि ओल लाकडाच्या आतच कोंडली जाते. पावसाळ्यात फक्त सोडवण्याची कामे करावीत : पत्रे उचकणे, जुना थर खरवडणे, कुजके काढणे, गळती शोधणे. उलट मुसळधार पावसाइतका गळती दाखवणारा दुसरा पारखी नाही. खडूने खुणा करून ठेवाव्यात. गळती बंद करून, लाकूड वाळवून, पाऊस गेल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात रोगण द्यावे, म्हणजे दिवाळीच्या गर्दीला बोट तयार.

गळती बंद न करता पॉलिश करणे म्हणजे ओल्या थानाची घडी घालून गोदामात ठेवणे. बाहेरून इस्त्री, आत बुरशी.

चिंध्यांची आग

एक इशारा वेगळा द्यायला हवा, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. जवसाच्या तेलात किंवा तेलाच्या व्हार्निशमध्ये भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल हवेशी मिळताना उष्णता सोडते. ढिगात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. सुती चिंधीत हे लवकर घडते. बोटीवर शेजारी डिझेल, थिनर आणि स्वयंपाकाचा गॅस असतो. म्हणून काम संपताच अशा चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात किंवा बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात. रोगणाचे काम चालू असताना खिडक्या-दारे उघडी, बिडी-सिगारेट बंद, आणि आत काम करणारा माणूस एकटा नसावा.

आक्षेप आणि उत्तर

काही बंधू म्हणतील, पर्यटकाला चकाकी आवडते, फिके लाकूड मळकट दिसते. माझा अनुभव कापडाचा आहे, पण गिऱ्हाईक तेच आहे. लहान केबिनला खिडक्या लहान असतात. गडद लाकूड उजेड गिळते, भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि जागा कोंदट वाटते. फिके लाकूड आलेला उजेड परत देते. श्रीनगरच्या हाऊसबोटीत माणूस जातो तो देवदारच्या लाकडासाठी आणि खिळा न मारता जोडलेल्या खतमबंद छतासाठी. केरळच्या बॅकवॉटरमधली हाऊसबोट हा तर जुन्या बोटीचाच धंदा आहे. भात वाहणाऱ्या केट्टुवल्लम, म्हणजे आंजिली लाकडाच्या फळ्या काथ्याने शिवून केलेल्या होड्या, रस्ते आणि ट्रकमुळे बेकार झाल्या. १९९० च्या दशकात त्यांच्यावर बांबू-चटईची केबिन चढवून त्या पर्यटकांसाठी पाण्यात आल्या. आजचे गिऱ्हाईक त्या होडीचे जुनेपण पाहायला पैसे देते. तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत पर्यटन महामंडळानेही हाऊसबोटी चालवल्या. कोकणातही हौस आहे, हे त्यावरून दिसते. मुंबईतल्या घरात रोज सनमायका पाहणारा माणूस खाडीत येऊन पुन्हा सनमायका पाहायला कशाला पैसे देईल?

दुसरा आक्षेप, पत्रा पुसायला सोपा. खरे आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर पत्रा असू द्यावा. तळाच्या भागात, कपाटांच्या आत पांढरा रंग द्यावा. तेथेही रंग फिकाच असावा म्हणजे पाण्याची रेघ दिसेल. माझा विरोध पत्र्याला नाही. ज्या लाकडाने मालकाला इशारा द्यायचा, त्याचे तोंड बंद करण्याला आहे.

सौद्यातील अट

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. वापरलेली बोट घेणाऱ्याने सौद्यापूर्वी अट घालावी की आतले निदान दोन पत्रे, एक खिडकीखालचा आणि एक कठड्याच्या बोल्टाजवळचा, सोडवून दाखवावेत. विकणारा ‘नवीन काम बिघडेल’ म्हणाला तर भाव त्या हिशेबाने धरावा. विकणाऱ्यानेही समजून घ्यावे की उघडे, स्वच्छ, फिके लाकूड हीच त्याच्या मालाची सर्वांत भक्कम जाहिरात आहे. जो डाग निघाला नाही, तो राहू द्यावा आणि का पडला ते सांगावे. डाग दाखवून विकलेल्या मालाची तक्रार येत नाही, हे आमच्या पेठेत आम्ही रोज पाहतो.

आणि ज्यांनी बोट घेतली आहे, त्यांनी या दिवाळीपूर्वी केबिनमधला एक तरी पत्रा उचकून पाहावा. मागे कोरडे लाकूड निघाले तर अल्लाची मेहरबानी. ओले निघाले तर तो आजच दिसला, हाच फायदा.